हॉस्पिटलात भरती झाल्यावर झालेला न्यूमोनिया: हे जंतू येतात तरी कुठून?

गवतफूल
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचक होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझे बाबा ७४ वर्षांचे. पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. सगळं छान झालं असं सगळे म्हणत होते आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी एकदम थंडी वाजून ताप भरला, धाप लागायला लागली, बोलणं पण थोडं असंबद्ध. एक्सरेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या बाजूला पांढरं दिसत होतं. बेडक्याच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून बघतात ती तपासणी) आलं 'क्लेबसिएला न्यूमोनिए'. डॉक्टर म्हणाले हा हॉस्पिटल अक्वायर्ड न्यूमोनिया, म्हणजे इथे आल्यावर झालेला. रिपोर्टमध्ये बऱ्याच अँटिबायोटिक्सपुढे रेझिस्टंट, म्हणजे त्यांना दाद न देणारा, असं लिहिलेलं, एक लागू पडली, ती आठवडाभर शिरेतून दिली. आता बाबा घरी आहेत, वॉकर घेऊन चालतात.

पण माझ्या डोक्यातून जात नाहीये. भाऊ म्हणतो हॉस्पिटल घाणेरडं होतं, तक्रार करू. मला वेगळंच खातंय. दुसऱ्या रात्री बाबा अर्धवट गुंगीत होते, पाणी मागत होते, मी ते आडवे असतानाच चमच्याने दिलं, त्यांना जोरात ठसका लागला होता. त्यामुळे झालं का हे? आणि हा जंतू नक्की आला कुठून, एसीतून, शेजारच्या बेडवरून, ऑपरेशनच्या हत्यारांतून? कुणाला माहिती असेल तर नीट सांगा, धीर देण्यापुरतं नको.

सूक्ष्मदर्शी
गवतफूल, आधी बाबा घरी आले हे वाचून बरं वाटलं. मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं कल्चरच्या प्लेटा बघतेय, त्यामुळे सविस्तर लिहिते.

भरती झाल्यावर ४८ तास किंवा त्याहून जास्त वेळाने न्यूमोनिया झाला आणि येताना तो अंगात मुरत नव्हता, तर त्याला हॉस्पिटल अक्वायर्ड म्हणतात. घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावल्यावर ४८ तासांनी झाला तर तो व्हेंटिलेटरचा, वेगळा धरतात. हे फक्त तारखेचं गणित आहे. 'अक्वायर्ड' म्हटलं म्हणजे हॉस्पिटलने दिला असं लगेच होत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. बहुतेक वेळा हा जंतू हवेतून येत नाही आणि हत्यारांतूनही येत नाही, तो पेशंटच्या स्वतःच्या तोंडातून आणि घशातून खाली उतरतो. निरोगी माणसाच्या घशात साधे, गरीब स्वभावाचे जंतू राहतात, क्लेबसिएलासारखे ग्राम निगेटिव्ह (ग्राम नावाच्या तपासणीत जांभळा रंग न धरणारे जंतू) तिथे सहसा टिकत नाहीत. पण माणूस आजारी पडला, भरती झाला की काही दिवसांत ही वस्ती बदलते. १९६९ सालीच जोहानसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवलं होतं, आजार जितका गंभीर तितके जास्त पेशंट घशात ग्राम निगेटिव्ह बाळगतात. तोंड कोरडं पडतं, लाळ कमी होते, घशाच्या पेशींवर फायब्रोनेक्टिन नावाच्या प्रथिनाचा जो लेप असतो तो निघून जातो आणि ज्यांना आधी चिकटायला जागा नव्हती ते चिकटतात. त्यात अँटिबायोटिक चालू असेल तर गरीब जंतू मरतात आणि दांडगटांना मोकळं मैदान.

क्लेबसिएला मुळात आतड्यातला रहिवासी. स्वतःच्याच आतड्यातून घशापर्यंत पोचू शकतो, किंवा दुसऱ्या पेशंटचा आपल्या हातांवरून येतो. हो, आपल्या म्हणजे आम्हा स्टाफच्या हातांवरून, हे मी लपवणार नाही.

आणि ठसक्याबद्दल. झोपेत घशातली थोडी लाळ श्वासनलिकेत जाणं हे निरोगी माणसांतही होतं, अभ्यासांत जवळपास निम्म्या लोकांमध्ये सापडलंय. तुम्हाला मला काही होत नाही कारण आपण खोकतो, नळीच्या आतले बारीक केस कफ वर ढकलतात, पांढऱ्या पेशी उरलेलं निस्तरतात. तुमच्या बाबांचं ऑपरेशन, भूल, दुखण्यावरची गुंगीची औषधं, पाठीवर पडून राहणं, यात ही सगळी राखण एकदम ढिली पडली होती. ती लाळ त्या चार दिवसांत कितीतरी वेळा खाली गेली असणार, चमचा हातात नसतानाही. गुंगीतल्या माणसाला आडवं ठेवून पाणी देऊ नये हे खरंच आहे, पुढे कधीच देऊ नका, पण त्या एका ठसक्यावर सगळं टाकू नका, तसा हिशोब कुणालाच मांडता येणार नाही. उजव्या फुप्फुसात खाली झालं तेही याच चित्रात बसतं, उजवी श्वासनलिका जास्त सरळ आणि रुंद असते, खाली गेलेलं तिकडेच जास्त जातं.

रोखठोक
माफ करा पण हे म्हणजे पेशंटवरच ढकलल्यासारखं झालं. तुमच्याच तोंडातला जंतू, तुमचीच लाळ! माझ्या सासऱ्यांच्या वेळी आयसीयूत एकाच आठवड्यात तीन बेडना असिनेटोबॅक्टर निघाला होता. तिघांच्या घशात आपोआप उगवला का?

सूक्ष्मदर्शी
नाही रोखठोक, तुमचं बरोबर आहे आणि राग पण समजतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुप्फुसात उतरण्याचा शेवटचा टप्पा घशातूनच असतो. पण घशात कोण येऊन बसलं ते हॉस्पिटलवर अवलंबून असतं. एकाच आठवड्यात तीन बेडना एकच जंतू, तोही एकसारख्या रेझिस्टन्सचा, असं माझ्या टेबलावर आलं तर मी त्याच दिवशी इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना फोन करते. तो योगायोग मानायचा नसतो.

असिनेटोबॅक्टर बाउमानी कोरड्या जागी आठवडेच्या आठवडे तग धरतो. बेडचा कठडा, मॉनिटरची बटणं, गादी, पडदा, कीबोर्ड. बहुतेक ग्राम निगेटिव्ह कोरडे पडले की लवकर मरतात, हा मरत नाही. म्हणून एकदा आयसीयूत शिरला की बाहेर काढणं महाकठीण. कार्बापेनेम गटाची औषधं (रेझिस्टंट जंतूंसाठी राखून ठेवलेली जोरकस अँटिबायोटिक्स) फोडणारी एन्झाइम्स त्याच्याकडे असतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या यादीतही कार्बापेनेमला न जुमानणारा असिनेटोबॅक्टर सगळ्यात वरच्या, क्रिटिकल गटात आहे.

स्युडोमोनास एरुजिनोसा याच्या उलट, त्याला ओल लागते. सिंकचं ड्रेन, नळाचं तोंड, ह्युमिडिफायरमधलं पाणी. नावातला एरुजिनोसा शब्द तांब्याच्या हिरव्या गंजावरून आलाय, निळसर हिरवा रंग सोडतो आणि प्लेट उघडली की द्राक्षासारखा गोडसर वास येतो, नव्या मुलांना आम्ही सांगतो की प्लेट मुद्दाम हुंगायची नाही पण तो वास न हुंगताच येतो. पेशीत शिरलेलं औषध पंपाने बाहेर फेकतो, औषध आत यायची दारंच बंद करून टाकतो, आणि वर बायोफिल्म म्हणजे चिकट थर करून त्यात राहतो. उपचार चालू असतानाच रेझिस्टंट होऊ शकतो, म्हणून डॉक्टर पुन्हा कल्चर मागतात.

रात्रपाळी
मी आयसीयूत सिस्टर आहे. ताईंनी बायोफिल्म म्हटलं त्यावर लिहायलाच हवं कारण तो आम्ही डोळ्यांनी बघतो. पेशंटच्या घशातली नळी चार-पाच दिवसांनी काढली की आतून चिकट थर असतो, तो जंतूंचाच. सक्शन करताना, म्हणजे नळीतला कफ ओढून काढताना, त्याचे तुकडे सुटून खाली जाऊ शकतात.

लोकांना वाटतं नळीला खाली फुगा असतो म्हणजे घसा सील झाला. तसं नसतं. तोंडातली लाळ खाली येऊन फुग्याच्या वर तळं करते आणि फुग्याला ज्या बारीक सुरकुत्या पडतात त्यातून हळूहळू झिरपते. म्हणून फुग्याचा दाब मोजायचा, २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवायचा, कमी झाला तर गळती, जास्त झाला तर श्वासनलिकेला इजा. काही नळ्यांना त्या तळ्यातलं ओढून घ्यायला वेगळं तोंड असतं, त्या असतील तर फारच चांगलं. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. रोज गुंगीचं औषध कमी करून पेशंट जागा होतो का, स्वतः श्वास घेतो का बघायचं, कारण नळी जितकी लवकर निघेल तितका धोका कमी, बाकी सगळे उपाय त्याच्या खालोखाल.

रोखठोक दादा, हात धुण्याबद्दल तुम्ही जे मनात धरलंय ते बरोबर आहे. रात्री एकटीकडे जास्त पेशंट असले, एकाचा मॉनिटर वाजतोय आणि दुसऱ्याचं सक्शन अर्धवट, तेव्हा हातावर सॅनिटायझर घ्यायचे ते वीस सेकंद चुकतात. ते चुकताना मी पाहिलेत. त्याचा मला त्रास होतो म्हणूनच लिहितेय.

निळावंती
मला एक विचारायचंय. आईला स्ट्रोक झाला होता, व्हेंटिलेटरवर दहा दिवस. नळीतल्या कफाच्या कल्चरमध्ये एकदा असिनेटोबॅक्टर आला, नंतर कँडिडा पण आला, आणि डॉक्टर म्हणाले औषध द्यायची गरज नाही. आम्ही खूप भांडलो तेव्हा. रिपोर्टवर नाव छापलंय आणि उपचार नाही म्हणजे काय? आई पुढे बरी झाली, तरी मला आजही कळलेलं नाही.

सूक्ष्मदर्शी
निळावंती, कल्चरच्या कागदाबद्दल लोकांना कुणीच नीट सांगत नाही आणि हा प्रश्न त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

प्लेटवर जंतू उगवला म्हणजे तो तिथे होता, एवढंच. फुप्फुसात आजार तोच करतोय का हे प्लेट सांगत नाही. दहा दिवस नळी असलेल्या पेशंटच्या कफात काहीच उगवलं नाही तर उलट मला आश्चर्य वाटेल. एक्सरेत नवीन डाग, त्याच्यासोबत ताप, पांढऱ्या पेशींचं वर-खाली होणं, कफ पूसारखा होणं, ऑक्सिजन जास्त लागणं, असं काही असेल तर न्यूमोनिया म्हणायचा. यातलं काही नसेल तर तो नुसता वस्तीला आहे, त्याला औषध दिलं तर फायदा शून्य आणि पुढचा जंतू अजून रेझिस्टंट. तुमच्या डॉक्टरांनी धीर धरला, भांडण सोसून धरला, मला त्यांचं कौतुक वाटतं.

कँडिडा कफात आला म्हणून फुप्फुसाला बुरशी लागली असं जवळपास कधीच नसतं. एन्टेरोकॉकसचंही तेच, हॉस्पिटलच्या रेझिस्टंट जंतूंच्या यादीत त्याचं नाव वर असतं पण न्यूमोनिया तो क्वचितच करतो.

नमुना कसा घेतला त्यावर पण खूप आहे. बेडका म्हणून नुसती थुंकी आली तर मायक्रोस्कोपखाली तोंडाच्या चपट्या पेशी भरपूर दिसतात आणि पू पेशी कमी, असा नमुना आम्ही परत पाठवतो. नातेवाईक चिडतात, दोनदा द्यायला लावला म्हणून. पण थुंकीचं कल्चर केलं तर तोंडातल्या जंतूचं नाव छापून जाईल आणि पेशंटला नको ते औषध लागेल. आणि शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी नमुना घ्यावा, मात्र पेशंट अत्यवस्थ असेल तर नमुन्यासाठी औषध थांबवू नये.

जाता जाता, ज्या ग्राम रंगाने आम्ही पहिल्या तासात अंदाज देतो तो हान्स क्रिस्टियन ग्राम यांनी १८८४ मध्ये बर्लिनला शोधला, तोही न्यूमोनियाने गेलेल्या माणसांच्या फुप्फुसाचे काप रंगवतानाच. त्यांच्या सोबत होते फ्रीडलँडर, ज्यांनी १८८२ मध्ये अशाच फुप्फुसांत जो जंतू पाहिला तो म्हणजे गवतफूलच्या बाबांचा क्लेबसिएला. रोज सकाळी पहिली स्लाइड लावताना मला हे आठवतं.

औषधपेटी
फार उपयोगी धागा. मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे, औषधांच्या बाजूने थोडं.

रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर अंदाजानेच सुरू करावं लागतं. जुना ठोकताळा असा की पहिल्या चार दिवसांत झाला तर न्यूमोकॉकस, हिमोफिलस, साधा स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस), म्हणजे बाहेरचेच जंतू, आणि पाचव्या दिवसापासून पुढे स्युडोमोनास, असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, एन्टेरोबॅक्टर, एमआरएसए. पण आता नुसत्या दिवसांवर भरवसा ठेवत नाहीत. मागच्या ९० दिवसांत शिरेतून अँटिबायोटिक घेतली होती का, हा प्रश्न त्याहून मोठा. आणि त्या त्या वॉर्डमध्ये वर्षभरात कुठले जंतू निघाले आणि कुठल्या औषधाला दबले याचा तक्ता असतो, अँटिबायोग्राम म्हणतात त्याला, तो बघून निवडायचं.

एमआरएसए म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. मेथिसिलिन १९५९ मध्ये वापरात आलं आणि १९६१ मध्येच ब्रिटनमधून त्याला रेझिस्टंट जंतूची नोंद झाली, दोन वर्षं फक्त. हा नाकात राहतो, साधारण दर तीन माणसांत एकाच्या नाकात स्टॅफ असतो, त्यातला बराचसा साधाच. यावर व्हँकोमायसिन किंवा लिनेझोलिड देतात. डॅप्टोमायसिन याच जंतूवर रक्तात उत्तम चालतं पण फुप्फुसात चालत नाही, फुप्फुसाच्या पिशव्या उघड्या ठेवणारं जे सर्फॅक्टंट असतं ते त्या औषधाला निकामी करतं. म्हणजे प्लेटवर सेन्सिटिव्ह दिसेल आणि पेशंटला उपयोग नाही, अशी ही भानगड. रिपोर्टवरचा एस, म्हणजे सेन्सिटिव्ह, बघून नातेवाईक विचारतात हे का देत नाही, तर त्याची अशी कारणं असतात.

कोलिस्टिन हे फार जुनं औषध किडनीवर ताण येतो म्हणून बाजूला पडलं होतं, रेझिस्टंट ग्राम निगेटिव्हमुळे परत काढावं लागलं. ते लिहून आलं की मी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघितल्याशिवाय डोस सोडत नाही.

आणि कोर्स बहुतेकांना ७ दिवसांचा पुरतो, गवतफूल तुमच्या डॉक्टरांनी तेच केलं. पूर्वी दोन दोन आठवडे चालायचं.

पाऊलखुणा
लीजिओनेलाबद्दल कुणी लिहिलं नाही? आमच्या ओळखीत एकांना झाला होता, कल्चरमध्ये काहीच आलं नव्हतं.

सूक्ष्मदर्शी
बरी आठवण केलीत. लीजिओनेला साध्या प्लेटवर उगवतच नाही, वेगळं माध्यम लागतं, म्हणून आठवणीने मागावा लागतो. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला माजी सैनिकांच्या संमेलनात आलेल्या साथीनंतर सापडलेला जंतू, कोमट पाण्याच्या पाइपांत वाढतो, शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. इथे खरोखर दोष इमारतीच्या पाण्याचा असतो, हॉस्पिटलात एक जरी केस निघाली तरी पाणी तपासायला हवं. गरम पाणी साठवताना ६० अंशाच्या वर ठेवायचं ते यासाठीच. पेशींच्या आत लपतो त्यामुळे पेनिसिलिनच्या कुळातली औषधं चालत नाहीत. लघवीची टेस्ट लवकर कळवते पण ती मुख्यतः एकाच उपप्रकाराची, निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही.

फुंकर
मी फिजिओथेरपिस्ट. जंतूंचं मला एवढं कळत नाही पण हा न्यूमोनिया व्हेंटिलेटर नसलेल्यांना पण भरपूर होतो आणि तिथे घरचे लोक खूप करू शकतात.

ऑपरेशननंतर दुखतं म्हणून पेशंट खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जातो आणि कफ साठतो. दुखण्याचं औषध वेळेवर मागून घ्या, दुखणं सोसण्यात शौर्य नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी बसवा, खुर्चीत बसवा, चालवा. खाताना पिताना ताठ बसवूनच, आणि नंतर अर्धा तास तरी तसंच. गिळताना ठसका लागत असेल, आवाज ओला येत असेल, तर भरवणं थांबवून गिळण्याची तपासणी मागा, स्ट्रोकच्या पेशंटमध्ये तर नक्कीच.

रात्रपाळी
फुंकरशी सहमत, आणि त्यात दात घासणं घाला. साध्या ब्रशने, दिवसातून दोनदा. पेशंट झोपून आहे म्हणून तोंड धुवायचं राहतं, औषधं वेळेवर जातात, बीपी वेळेवर मोजलं जातं, दात मात्र कुणाच्याच यादीत नसतात. दातांवरचा थर म्हणजे त्या जंतूंचं घर आहे. ब्रशने न्यूमोनिया कमी होतो हे आता अभ्यासांतही दिसलंय, व्हेंटिलेटरवरच्यांमध्ये जास्त ठळकपणे. पूर्वी आम्ही क्लोरहेक्झिडीनने तोंड पुसायचो, आता अमेरिकेच्या सूचनांमध्ये ते नको म्हणतात, घासायला सांगतात. आणि कवळी असेल तर रात्री काढून, घासून, डबीत. कवळीवर केवढा थर बसतो ते ज्याने घासलीय त्यालाच माहीत.

पित्ताच्या गोळ्यांबद्दल पण डॉक्टरांना विचारावं, पोटातलं ॲसिड कमी झालं की पोटात जंतू वाढतात. स्वतः बंद करू नये, काहींना त्या खरंच लागतात, पण विचारावं.

गवतफूल
सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले, भावालाही वाचायला दिले. उशिरा लिहितेय कारण मधे फॉलो-अपला जाऊन आलो.

औषधपेटी, तुमच्या ९० दिवसांच्या वाक्याने मी फाइल उघडली. बाबांना पडायच्या महिनाभर आधी लघवीच्या इन्फेक्शनसाठी पाच दिवस इंजेक्शनं दिली होती, आम्ही भरती करताना ते सांगितलंच नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाले माहीत असतं तर पहिल्या दिवसाचं औषध कदाचित वेगळं निवडलं असतं. आता ते त्यांनी कागदावर नोंदवलंय आणि क्लेबसिएलाचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावायला सांगितला, पुढे कधीही भरती करायची वेळ आली तर आधी तो दाखवायचा.

भावाने तक्रारीऐवजी इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना भेटायचं ठरवलं, विचारलं की त्या आठवड्यात वॉर्डात अजून कुणाला हाच जंतू निघाला होता का. त्यांनी दोन दिवसांनी फोन करून सांगितलं की नव्हता. फोन येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

आणि रात्रपाळी ताई, बाबांना वरची कवळी आहे. मी आठवून आठवून पाहिलं. ऑपरेशनला नेताना काढली होती, परत आल्यावर मीच ती बसवली, जेवताना लागेल म्हणून. त्यानंतर ताप येईपर्यंत ती कुणीच काढली नव्हती.